संत्रा चर्चामंच : कामाच्या नोंदी (जुलै ते नोव्हेंबर २०२४)

८ जुलै २०२४

काम पक्कं झालं. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांच्या गटासाठी चर्चेचं सॉफ्टवेअर उभं करून द्यायचं आहे. सध्या सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. ग्रुप १,०२४ जणांवर अडतो म्हणून एकाचे अनेक झाले, आणि एकच फोटो सगळीकडे फिरतो. पण आज धंतोलीतल्या बैठकीत या मर्यादेबद्दल कोणी बोललंच नाही. काटोलचे काका म्हणाले, "साहेबांनी मागच्या पावसाळ्यात डिंक्यावर एवढं लिहिलं होतं, ते आता कोणाले सापडून राहिलं का?" डिंक्या म्हणजे झाडातून डिंक गळण्याचा रोग, आणि साहेब म्हणजे निवृत्त कृषी सहायक. गटात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही.

दुसरी तक्रार सावनेरच्या ताईंची. औषधं विकणारे शेतकरी म्हणून ग्रुपमध्ये शिरतात. ॲडमिनच्या हातात दोनच गोष्टी असतात, मेसेज उडवणं किंवा माणूस काढणं. मी म्हटलं, मग काढत का नाही? ताई म्हणाल्या, "काढता कोणाले भाऊ? परवा त्याच्याच पोरीच्या लग्नात पंगतीले बसायचं हाय."

बाकी अपेक्षांची यादी लांब आहे. पण सॉफ्टवेअर निवडताना ताईंचं हे वाक्य समोर ठेवणार. इथे मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारे, आणि सभासद एकमेकांना तोंडावर ओळखतात. बहुतेक साधनं अनोळखी माणसांसाठी बनलेली आहेत.

१२ जुलै

चर्चामंचाची तीन सॉफ्टवेअर लॅपटॉपवर लावून पाहिली.

पीएचपीबीबी २००० सालापासून आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल मिळालं की स्वस्तातल्या होस्टिंगवरही चालतं. मॉडरेटरला स्वतंत्र नियंत्रण-पान मिळतं. विषय तोडता, जोडता, हलवता येतो, कुलूप लावता येतं, ताकीद देता येते, नाव, ईमेल किंवा आयपीवर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) बंदी घालता येते. परवानग्यांची रचना तर मला फार आवडते. 'हो', 'नाही' आणि 'कधीच नाही' असे तीन पर्याय आहेत. 'कधीच नाही' एकदा लागलं की तो माणूस दुसऱ्या कुठल्याही गटात असला तरी ती परवानगी मिळत नाही. मात्र या सगळ्यामागे एक गृहीत आहे, की कोणीतरी दिवसभर खुर्चीवर बसून लक्ष ठेवणार आहे. आमचे मॉडरेटर सकाळी बागेत आणि दुपारी कळमन्याच्या बाजारात असतात.

फ्लारम हलकं आहे, दिसायला देखणं आहे, १.० आवृत्ती २०२१ ची. तक्रार, मंजुरी या गोष्टी त्यात एक्स्टेन्शनच्या रूपात येतात, आणि आम्हाला हवं त्यातलं बरंच काही बाहेरच्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं आहे. आवृत्ती बदलली की त्यातलं कोणतं मागे राहील याचा नेम नाही.

डिस्कोर्स २०१३ मध्ये जेफ ॲटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी आणलं. रुबी ऑन रेल्स, एम्बर, पोस्टग्रेएसक्यूएल, रेडिस, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने जड प्रकरण. पण मॉडरेशन मुळातच आत विणलेलं आहे आणि त्यातला बराचसा भाग मॉडरेटर झोपलेला असतानाही चालतो. हेच घेतो.

१७ जुलै

सर्व्हर उभा झाला. २ जीबी रॅम आणि वर स्वॅप, डॉकरमधून बसवलं. ईमेलने दिवस खाल्ला. बऱ्याच स्वस्त सर्व्हर-कंपन्या मेल पाठवण्याचा २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात, त्यामुळे बाहेरची मेल-सेवा घ्यावी लागली. खातं उघडायला ईमेल लागतो हे ऐकून काका गडबडले होते. पण अँड्रॉइड फोन आहे म्हणजे बहुतेक त्यात जीमेल असतोच, मालकाला पासवर्ड आठवत नसला तरी. गूगलने लॉगिन चालू केलं. पासवर्डचा विषय संपला.

२३ जुलै

आज विश्वास-पातळ्या. या सॉफ्टवेअरचा कणा हाच आहे, म्हणून साहेब, काका आणि ताई या तिन्ही मॉडरेटरांना बोलावून समोर बसवलं.

पातळ्या ० ते ४. नवा माणूस शून्यावर असतो. त्याला एका पोस्टमध्ये दोनच लिंक देता येतात, दोघांचाच उल्लेख करता येतो, कोणाला खाजगी निरोप पाठवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या पोस्टबद्दल तक्रारही करता येत नाही. पाच विषय उघडले, तीस पोस्ट वाचल्या, वाचनात दहा मिनिटं घालवली की पहिली पातळी आपोआप मिळते. दुसरीसाठी पंधरा दिवस यायचं, शंभर पोस्ट वाचायच्या, तीन विषयांत उत्तरं द्यायची, एखादी पसंती द्यायची आणि एखादी मिळवायची. तिसरी मिळवायलाही कठीण, आणि टिकवायलाही. गेल्या शंभर दिवसांतल्या निम्म्या दिवशी हजेरी लागते, येणं कमी झालं की पातळी जाते. चौथी फक्त हाताने देता येते.

साहेबांना एक गोष्ट लगेच दिसली. "म्हणजे बोलण्यापेक्षा वाचण्याचे गुण जास्त." बरोबर आहे. औषध खपवायला आलेला माणूस वाचत बसत नाही. तो येतो, नंबर टाकतो, जातो.

काकांचा आक्षेप वेगळा होता आणि खराही होता. तीस वर्षं संत्रा पिकवणारा माणूस शून्यावर आणि रोज येऊन बसणारा बी.एस्सी.चा पोरगा दोनवर, हे कसं चालेल? उत्तर असं ठरलं, की पातळी ही शेतीतल्या जाणतेपणाची नाही, मंचावरच्या वावराची आहे. आणि जाणत्या मंडळींना पहिल्याच दिवशी हाताने दुसऱ्या पातळीवर बसवायचं. सॉफ्टवेअर तेवढी मोकळीक देतं. पातळीचा आकडा लोकांच्या प्रोफाइलवर ठळक दिसू नये एवढी काळजी मी थीममध्ये घेतली.

विभागवार मॉडरेटर ही सोयही आजच वापरली. ताईंची स्वतःची रोपवाटिका आहे. त्यामुळे 'कलमं आणि खुंट' या विभागात त्या मॉडरेटर नाहीत, बाकी सगळीकडे आहेत. कलमाला खुंट जंबेरी चांगला की रंगपूर लाईम, या वादात ज्याचा माल विकायचा आहे त्याच्या हाती कुलूप नको. ही सूचना त्यांनीच केली.

३१ जुलै

देवनागरीची कामं. इतकी कटकट होईल असं यादी करताना वाटलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

शोध: 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द शोधला तर निम्मेच निकाल येत होते. डोळ्यांना दोन्हीकडे शब्द सारखाच दिसतो. कारण 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त लावतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर एकच अक्षर उमटतं, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. 'ॲप'चंही तेच. एक अख्खा ॲ असतो, दुसरा अ वर चंद्र ठेवून बनवलेला. पोस्ट साठवण्याआधी आणि शोधशब्द वापरण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारा छोटा प्लगिन लिहिला. आता सापडतं.

शब्दरूपं: मंचाच्या डेटाबेसला, पोस्टग्रेएसक्यूएलला, हिंदी शब्दाचं मूळ काढता येतं, मराठीची सोय त्यात नाही. 'संत्रा' शोधला की 'संत्र्यावर' येत नाही. यावर पूर्ण उपाय माझ्याकडे नाही. टॅग ठरावीक करून टाकले: डिंक्या, फळगळ, कोळशी, आंबिया बहार, मृग बहार, पाणी, बाजारभाव. नवा टॅग फक्त मॉडरेटर सुरू करू शकतात. नाहीतर 'फळगळ', 'फळ गळ', 'फळगळती' अशी तीन घरं होतात.

लक्षशब्द: ठरावीक शब्द दिसला की पोस्ट अडवायची, मंजुरीला पाठवायची, शब्द झाकायचा किंवा बदलायचा, असे पर्याय आहेत. शब्द पूर्ण जुळावा लागतो, आणि मराठीत शब्द मूळ रूपात राहतो कुठे? शेवटी तारका लावली की पुढचं काहीही चालतं, त्यामुळे सगळी यादी तारकांची. शिव्यांची यादी करायला बसलो तेव्हा काका आणि ताई एकाच टेबलाला होते. ती यादी मी घरी जाऊन एकट्याने केली.

किमान लांबी: पोस्टला वीस अक्षरं लागतात असं मूळ सेटिंग. 'हो भाऊ' हे उत्तर परत येत होतं. पाचवर आणली. विषयाच्या शीर्षकाची पंधरा तशीच ठेवली, कारण 'मदत करा' नावाचे विषय नकोत.

दुव्यांतली नावं: देवनागरी शीर्षकाचा पत्ता मूळ सेटिंगमध्ये निरर्थक होतो. पर्याय बदलला.

१० ऑगस्ट

पहिल्या तुकडीला आत घेतलं. दुपारपर्यंत नरखेडच्या एका आजोबांचा फोन आला. "काऊन भाऊ, मी बोललो अन् मशीनने माझं तोंडच बंद केलं!"

खरंच बंद केलं होतं. नव्या माणसाने पहिली पोस्ट तीन सेकंदांच्या आत टाइप केली तर ती यंत्राची समजायची, पोस्ट तपासणीला पाठवायची आणि खातं गप्प करायचं, असं एक सेटिंग आपोआप चालू असतं. जगभरच्या जाहिरातखोर यंत्रांसाठी उपाय उत्तम आहे. आजोबांनी फोनच्या माइकचं बटण दाबून बागेची हकीकत बोलून टाकली होती. बोटं हललीच नाहीत, वाक्यं एकदम उमटली, टायपिंगचा वेळ जवळपास शून्य. व्हॉट्सॲपवरचा मजकूर आणून चिकटवणाऱ्यांचंही तेच होतं.

आपोआप गप्प करणं बंद केलं. पोस्ट तपासणीच्या रांगेत जाणं चालू ठेवलं, कारण चिकटवलेल्या फॉरवर्डवर कोणाची तरी नजर हवीच. आजोबांच्या खात्यावरची बंदी उठवली आणि ताईंनी त्यांना फोन केला. माझ्यापेक्षा ताईंच्या फोनचं वजन जास्त.

इथे गप्प करणं आणि निलंबित करणं यातला फरक तिघांना पुन्हा सांगितला. गप्प केलेला माणूस आत येऊन वाचू शकतो, लिहू शकत नाही. निलंबित माणसाला आतच येता येत नाही. शेतकऱ्याला हंगामात वाचण्यापासून तोडायचं नाही. म्हणून निलंबन फक्त विक्रेत्यांच्या खोट्या खात्यांना.

२२ ऑगस्ट

पाऊस लागून राहिलाय, फळगळ सुरू आहे, मंच भरलाय. आणि आज ज्याची भीती होती ते झालं.

एका सभासदाने बुरशीसाठी फवारणी सांगितली: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. हे बोर्डो मलमाचं प्रमाण आहे, खोडाला ब्रशने लावायचं. फवारणीचं एक टक्का बोर्डो मिश्रण करायचं तर तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी लागतं. एक शून्य कमी पडलं, आणि हे कोणी पंपात भरलं असतं तर कोवळी पालवी करपलीच असती. पोस्टवर अकरा पसंती होत्या. लिहिणारा खोटारडा नव्हता, चांगला अनुभवी बागायतदार. घाईत लिहिलं.

काय करायचं यावर साहेब आणि माझं तासभर चाललं. उडवून टाकावी? ज्यांनी सकाळी वाचली त्यांना दुरुस्ती कळणारच नाही, ते दहा लिटरच लक्षात ठेवतील. मॉडरेटरने गुपचूप शून्य वाढवावं? तेव्हाही तेच, आणि वर माणसाच्या तोंडी आपले शब्द. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी जी साधनं आहेत ती मला फार कमी ठिकाणी नीट वापरलेली दिसतात.

एक, पोस्ट तात्पुरती लपवली. लपवलेल्या पोस्टच्या लेखकाला निरोप जातो आणि तो दहा मिनिटांनंतर स्वतः दुरुस्त करून ती पुन्हा उघडी करू शकतो. साहेबांनी फोन करून सांगितलं, त्यांनी स्वतः आकडा सुधारला. दोन, पोस्टच्या माथ्यावर मॉडरेटरची रंगीत सूचना लावली: सकाळी इथे दहा लिटर लिहिलं होतं, ते खोडाच्या मलमाचं प्रमाण आहे, फवारणीसाठी शंभर लिटर. तीन, संपादनाचा इतिहास सगळ्यांना उघडा ठेवला. पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवलं की जुना आकडा लाल आणि नवा हिरवा दिसतो. चार, ज्यांनी पसंती दिली त्यांची नावं दिसतातच. ताईंनी एकेकाला निरोप केला.

रात्री साहेबांनी बोर्डोवर स्वतंत्र पोस्ट लिहिली आणि ती विकी केली, म्हणजे पहिल्या पातळीपासून वरचा कोणीही तिच्यात भर घालू शकतो आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते. 'औषधं आणि फवारणी' विभागात नव्या माणसाचे विषय यापुढे मंजुरीनेच दिसतील. दुकानाचं नाव नको, घटकाचं नाव लिहायचं, आणि लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असेल तरच प्रमाण सांगायचं, असा नियम विभागाच्या माथ्यावर लावला. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. इथल्या कोणाला या नियमाचं कारण विचारावं लागलं नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज मारबतीची मिरवणूक. इतवारीकडचे रस्ते तुडुंब. मंचावर शुकशुकाट, फक्त बैलांचे फोटो. फोटोंसाठी 'ओटा' नावाचा विभाग काढला. बॅकअप बाहेरच्या साठवणीत जातोय का तपासलं, जातोय.

११ सप्टेंबर

लोक तक्रारीचं बटण दाबतच नाहीत. फोन करतात, "ते पाहा जरा", आणि ठेवून देतात.

साहेबांनी कारण सांगितलं. सभासदांना तक्रार करणाऱ्याचं नाव दिसत नाही, पण मॉडरेटरला तपासणीच्या पानावर दिसतं, आणि मॉडरेटर म्हणजे काका. काकांच्या भाच्याच्या पोस्टवर कोण तक्रार करणार?

तपासणीच्या पानावर तक्रारदाराचं नाव दिसतं तेवढा भाग मॉडरेटरांपुरता थीममधून झाकला. हा पडदा आहे, कुलूप नव्हे. पानाचा सोर्स उघडून पाहणाऱ्याला दिसेल. पण नोंद आत शाबूत राहते, खोट्या तक्रारींची मालिका कोणी लावली तर प्रशासक म्हणून मला ती पाहता येते. मंचावर तसं जाहीरही केलं: नाव मॉडरेटरांना दिसणार नाही, मला दिसू शकतं. मी ना कोणाचा भाचा, ना मामा.

आठवडा संपायच्या आत रांगेत तक्रारी यायला लागल्या. बहुतेक 'विषयाला सोडून' प्रकारच्या, आणि बहुतेक बरोबर.

१९ सप्टेंबर

एक औषधविक्रेता 'बागायतदार' बनून आलाय. पद्धत सफाईदार आहे. आधी पंधरा दिवस गोड गोड उत्तरं, मग प्रत्येक फळगळीच्या विषयात त्याच एका बाटलीचं कौतुक, आणि "बाकी फोनवर बोलू". दहा आकडी नंबर दिसला की पोस्ट मंजुरीला जाईल असा नमुना लक्षशब्दांत होता. त्याने नंबर देवनागरी आकड्यांत टाकला. नमुन्यात देवनागरी आकडे घातले, तर त्याने मध्ये मध्ये टिंबं दिली. टिंबंही घातली. हा खेळ संपत नाही, पण प्रत्येक वेळी त्याचा वेळ आपल्यापेक्षा जास्त जातो, एवढं पुरे.

गटातल्या एका तरुणाने सुचवलं, त्याला काढू नका, त्याच्या पोस्ट त्याला एकट्यालाच दिसतील असं करा. ही युक्ती जुनी आहे. व्हीबुलेटिन या मंचाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर 'टॅकी गोज टू कोव्हेंट्री' अशा अजब नावाने ती सोय होती. अनोळखी लोकांच्या जगात चालतही असेल. काटोलच्या बसस्थानकावर चहा पिताना दोघांनी फोन शेजारी शेजारी धरले की पाचव्या मिनिटाला उघडकीला येईल, आणि मग ज्याची ज्याची पोस्ट कोणी वाचली नाही तो प्रत्येक जण म्हणेल, मलाही लपवलंय. नको. खातं निलंबित केलं, कारण लिहिलं, ते कारण त्याला लॉगिन करताना दिसतं. मॉडरेटरांच्या कृतींच्या नोंदवहीत साहेबांचं नाव आणि वेळ आहे.

२७ सप्टेंबर

कायद्याचा भाग. गट छोटा असला तरी दुसऱ्यांचा मजकूर ठेवतो म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या लेखी मध्यस्थ. दुसऱ्यांच्या मजकुराची जबाबदारी आपल्यावर न येण्याचं कलम ७९ चं संरक्षण हवं तर २०२१ चे नियम पाळायला हवेत (मुदती २०२४ मधल्या): तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर, तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत, न्यायालयाचा किंवा अधिकृत सरकारी आदेश आला तर ३६ तासांत मजकूर काढणं, आणि काढलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवणं. शेवटच्या अटीसाठी डिस्कोर्स सोयीचं आहे. काढलेली पोस्ट लोकांना दिसत नाही, पण आत राहते. कायमची पुसण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती कोणालाच दिलेली नाही.

"कोणी वकिलाची नोटीस पाठवली तर लगेच काढायचं?" काकांचा प्रश्न. श्रेया सिंघल खटल्याचा २०१५ चा निकाल सांगितला. त्यातच ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं, आणि मध्यस्थाला मजकूर काढायला भाग पाडायचं तर न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो हेही स्पष्ट झालं. नोटीस आली तर वाचायची, पटली तर काढायची, घाबरून नाही.

तक्रार अधिकारी म्हणून ताईंनी नाव दिलं.

४ ऑक्टोबर

तोच विक्रेता नव्या खात्याने परत. काका म्हणाले आयपी बंद करा. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य ग्राहक बसवतात. एका विक्रेत्यासाठी अर्धा कळमेश्वर तालुका बाहेर राहील. एकाच आयपीवरून दोन खाती आली की इशारा देणारं सेटिंगही त्याच कारणाने बंद ठेवलंय. एका वाड्यात तीन भाऊ एकाच वायफायवर असतात, आणि भावाभावांत आधीच पुरेसे वाद आहेत.

जे कामाला आलं ते साधं होतं. 'औषधं' विभागात नव्या माणसाच्या पहिल्या काही पोस्ट मंजुरीशिवाय दिसतच नाहीत. त्याचा पंधरा दिवस गोड बोलण्याचा धीर या वेळी तीन दिवसांत संपला.

१७ ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बांगलादेशाने लावलेल्या आयात शुल्काचा विषय एका रात्रीत पक्षांवर गेला. शुल्काचा मुद्दा खरा आहे. आपल्या संत्र्याचं ते मोठं गिऱ्हाईक. पण पन्नासाव्या पोस्टपर्यंत संत्रा कुठे दिसेना.

कुलूप लावलं असतं तर "अमक्याच्या माणसाने बंद केलं" झालं असतं. स्लो मोड लावला, एका माणसाला चार तासांत एकच पोस्ट. हे माझं सगळ्यांत लाडकं साधन आहे, कारण ते कोणाचंही नाव घेत नाही. शिवी द्यायची तर तीच एक पोस्ट खर्च होते, आणि त्या चार तासांत दुसऱ्याने दिलेलं उत्तर नुसतं वाचत बसावं लागतं. शुल्काच्या पोस्ट मूळ विषयात ठेवल्या, पक्षांच्या तोडून वेगळ्या विषयात नेल्या. हलवल्याची ओळ मूळ विषयात दिसते, म्हणजे काही गायब झालं असं कोणाला वाटत नाही.

त्या वेगळ्या विषयाला टायमर लावला. १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता, प्रचार थांबतो तेव्हा, कुलूप लागेल आणि मतदान झाल्यावर २१ ला मी उघडणार. तारीख महिनाभर आधी सगळ्यांना दिसते आहे. भांडायचं तर घड्याळाशी भांडा.

मॉडरेटर आपसात ठरवतात तेव्हा त्याच विषयात फक्त त्यांनाच दिसणारं 'कुजबूज' उत्तर लिहितात. काकांनी एकदा कुजबूज समजून उघडी पोस्ट टाकली: "हा त्या पार्टीचा दिसते." ती चाळीसेक जणांनी वाचली. कुजबुजीची पार्श्वभूमी आता थीममध्ये गडद केलीय.

६ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, आंबियाची तोड जोरात. बाजारभावाच्या विभागात व्यापारीही वाचतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून खरा आकडा कोणी लिहीत नाही. सौदे झालेल्या बागांसाठी बंद विभाग काढला. आत येण्यासाठी गटाच्या एका सभासदाने जामीन राहायचं. सॉफ्टवेअरमध्ये असा जामीन नाही, गटप्रवेशाच्या अर्जात एक रकाना वाढवला. चालतंय.

२५ नोव्हेंबर

निकाल परवाच लागला. २१ ला उघडलेला राजकारणाचा विषय दोन दिवस गाजला आणि आता तिथे कोणी फिरकत नाही.

मॉडरेशनची पाळी बदलायची चर्चा. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर फार पूर्वी साध्या सभासदांनाच थोडे गुण देत, ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर जात, म्हणजे अधिकार कोणाकडे साचत नसे. तेवढं इथे जमणार नाही, पण दर बहाराला तिघांपैकी एक बदलावा यावर एकमत झालं. पहिल्यांदा काका उतरणार. ते स्वतःच म्हणाले, तरीही मान राहावा म्हणून त्यांना चौथी पातळी कायम दिली.

राहिलेली कामं: बॅकअपमधून दुसऱ्या सर्व्हरवर पूर्ण मंच उभा करून पाहणं, दिवाळीतल्या फोटोंनी डिस्क भरत आलीय ती वाढवणं, नव्या मॉडरेटरला तपासणीची रांग शिकवायला गुरुवारी नरखेडला जाणं.

आणि रांगेत एक तक्रार पडून आहे, काकांच्याच पोस्टवर, 'विषयाला सोडून'. काकांनी फोन करून सांगितलं की तक्रार बरोबर आहे, मान्य करून टाकतो. पण स्वतःच्या पोस्टवरचा निर्णय स्वतः घ्यायचा नाही असा नियम आहे, ताईंचा तो विभाग नाही, आणि साहेब लग्नाला अकोल्याला गेलेत. बुधवारी येतील.